थंड प्लाझ्मा आणि पायाची जखम



मागील अंकात घाटाखालच्या पाड्यांवरील ड्रेसिंगच्या कामाविषयी लिहिले होते. ते वाचून दोघातिघा हितचिंतकांनी एकच प्रश्न विचारला. जर्मनीत म्हणे जखमेवर नुसता जांभळट झोत धरतात आणि जखम भरू लागते. त्याला थंड प्लाझ्मा म्हणतात. ते यंत्र आपल्या देऊळघाटच्या कामासाठी घेता येईल का? एका मंडळीने तर ईस्टरच्या अर्पणातील काही भाग त्यासाठी बाजूलाही ठेवला आहे. इतक्या प्रेमाने विचारलेल्या प्रश्नाला नुसते हो किंवा नाही म्हणून भागणार नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी नावाचा घोळ. करोनाच्या काळात आपण प्लाझ्मा दान करण्याविषयी पुष्कळ ऐकले. तो रक्तातला पिवळसर द्रव. हा प्लाझ्मा वेगळा, हा वायूचा प्रकार आहे. १९२८ मध्ये अमेरिकेतील शास्त्रज्ञ अर्व्हिंग लँगम्यूर यांनी त्याला हे नाव दिले, आणि तेही रक्तातल्या प्लाझ्माची आठवण होऊन, असे त्यांच्या एका सहकाऱ्याने लिहून ठेवले आहे. म्हणजे घोळ मुळापासूनचाच!

बर्फ तापला की पाणी होते, पाणी तापले की वाफ. वायूला आणखी जोराची ऊर्जा किंवा वीज दिली की त्याच्या अणूंतून इलेक्ट्रॉन सुटे होतात. असा विजेने भारलेला वायू म्हणजे प्लाझ्मा. पावसाळ्यात कडाडणारी वीज हा प्लाझ्माच, आणि घरातल्या ट्यूबलाइटच्या आतही तोच. पहिला झाड जाळतो, दुसऱ्याच्या नळीला आपण खुशाल हात लावतो. हा फरक कसा पडतो? थंड प्लाझ्मात वेगाने धावतात ते फक्त इलेक्ट्रॉन, आणि ते फार हलके असतात. हायड्रोजनचा अणू सर्वांत हलका, पण त्याचे केंद्रसुद्धा इलेक्ट्रॉनच्या १,८३६ पट जड. जात्यावर मोहरी फेकून मारली तर मोहरी उडेल, जाते जागचे हलणार नाही. तसे इलेक्ट्रॉन तापतात, पण वायूचे जड अणू जवळजवळ थंडच राहतात. म्हणून तो झोत कातडीवर धरला तर कोमट लागतो, भाजत नाही.

वैद्यकात वापरतात त्या यंत्रांचे मुख्य प्रकार दोन. एकात पेनासारख्या नळीतून आर्गन वायू सोडून टोकाशी झोत तयार करतात. आर्गन म्हणजे स्टीलच्या रेलिंगवाल्यांकडे वेल्डिंगला लागतो तोच. दुसऱ्यात सिलिंडर लागत नाही, जखमेवरच्या हवेतच प्लाझ्मा तयार होतो. दोन्हींत हवेतील ऑक्सिजन आणि नायट्रोजन यांपासून ओझोन, नायट्रिक ऑक्साइड यांसारखी चटकन क्रिया करणारी द्रव्ये थोड्या प्रमाणात निर्माण होतात. ती जंतूंच्या आवरणावर हल्ला करतात. आपल्या पेशींकडे अशा द्रव्यांना तोंड देणारी स्वतःची व्यवस्था असते, त्यामुळे मात्रा बेताची ठेवली तर पेशी वाचतात आणि जंतू मरतात. मात्रा वाढली तर पेशींनाही इजा होते. म्हणूनच ही यंत्रे शिकलेल्या हातांतच द्यायची असतात.

आता अनुभव काय सांगतो? २०१० मध्ये जर्मन डॉक्टरांनी ३६ रुग्णांच्या ३८ जुनाट, जंतू झालेल्या जखमांवर नेहमीच्या उपचारांबरोबर रोज ५ मिनिटे आर्गन प्लाझ्मा दिला. प्लाझ्मा दिलेल्या जागी जंतूंचे प्रमाण ३४ टक्क्यांनी घटले. पुढे २०२० मध्ये जर्मनीतीलच दुसऱ्या एका चाचणीचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. त्यात मधुमेहाने पायाला जखम झालेले चाळीसहून अधिक रुग्ण होते. काहींना प्लाझ्मा दिला, काहींना नुसत्या वायूचा झोत, बाकी उपचार सारखे. प्लाझ्मावाल्यांच्या जखमा लवकर लहान होत गेल्या. मात्र जंतूंच्या बाबतीत दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. दोन चाचण्यांचा सूर इथे जुळत नाही, हे लक्षात ठेवावे. तरीही ही जादूटोण्याची गोष्ट नाही, खरे शास्त्र आहे, असेच माझे मत झाले आहे.

आपल्याकडेही हा विषय अनोळखी नाही. गांधीनगरजवळ प्लाझ्मा संशोधन संस्था आहे. पुणे विद्यापीठात प्लाझ्माचा अभ्यास अनेक वर्षांपासून चालतो. माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत अन्नपदार्थ टिकवण्यासाठी थंड प्लाझ्मा वापरून पाहतात. मोठ्या शहरांतील रुग्णालयांत तर, उकळत्या वाफेत टिकणार नाहीत अशी नाजूक उपकरणे निर्जंतुक करण्यासाठी हायड्रोजन पेरॉक्साइडच्या प्लाझ्माची यंत्रे कधीपासून आहेत. दुर्बिणीतून ऑपरेशन झालेल्या कोणाला हे ठाऊकही नसेल.

मग आपण का घेऊ नये? त्यासाठी आपल्या रुग्णांच्या जखमा कशाने होतात ते पाहावे लागेल.

जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांत, सातपुड्याच्या पायथ्याशी, कोरकू, निहाल आणि भिल्ल वस्त्यांवर आम्ही ज्या हट्टी जखमा बांधतो त्यांत कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्यांचे पाय पुष्कळ असतात. १९८० नंतर आलेल्या बहुविध औषधोपचाराने रोगाचे जंतू मरतात, पण मेलेल्या नसा परत येत नाहीत. तळव्याला काटा, खडा, फोड काहीच कळत नाही. एक आजोबा मला म्हणाले, “पाय दुखतच नाही ना सिस्टर, मग बसून काऊन राहू?” जखम घेऊन ते दिवसभर कापूस वेचतात. अंगठ्यामागच्या उंचवट्यावर पावलागणिक सगळा भार पडतो आणि जखम आतून पुन्हा पुन्हा चिरडली जाते.

ही गोष्ट जगाला नीट समजावली ती डॉ. पॉल ब्रँड यांनी. मिशनरी आईबापांच्या पोटी ते १९१४ साली तामिळनाडूच्या कोल्ली डोंगरात जन्मले आणि १९४६ पासून वेल्लोरला काम करू लागले. कुष्ठरोग्यांची बोटे रोगाने आपोआप झडत नाहीत, वेदना हरवल्यामुळे वारंवार इजा होऊन झिजतात, हे त्यांनी दाखवून दिले. अशा जखमेवरून भार काढला की ती बहुधा साध्या ड्रेसिंगनेही भरते. भार तसाच राहिला तर कितीही महागडे औषध लावा, भरलेली जखम महिन्याभरात पुन्हा उघडते.

चांगल्या शोमरोन्याने त्या घायाळ मनुष्याच्या जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला, हे आपण उपदेशात नेहमी ऐकतो. आम्हा ड्रेसिंग करणाऱ्यांना त्या कथेतले जनावर फार मोलाचे वाटते. त्याने त्या माणसाला चालवत नेले नाही, आपल्या जनावरावर बसवून नेले!

थंड प्लाझ्मा हा द्राक्षारसाच्या जागी आहे. ज्या रुग्णालयात रुग्णाला खाटेवर ठेवता येते, जिथे प्रतिजैविकांना न जुमानणारे जंतू डॉक्टरांना हैराण करतात आणि हाताशी प्रयोगशाळा आहे, तिथे त्याला उद्या चांगली जागा मिळेल. पण पंधरवड्यातून एकदा पोहोचणाऱ्या आमच्या गाडीत तो कामाचा नाही. एकदा झोत देऊन भागत नाही, पुन्हा पुन्हा द्यावा लागतो, आणि दोन फेऱ्यांच्या मधल्या दिवसांत आजोबा अनवाणी शेतात असणार. ज्यांची जखम हाडापर्यंत गेली आहे किंवा पाय सुजून ताप आला आहे, त्यांना आम्ही ड्रेसिंगवर ठेवत नाही. त्यांना मोठ्या दवाखान्यातच न्यावे लागते. अचलपूरजवळ कोठारा येथे लेप्रसी मिशनचे रुग्णालय आहे, त्याचा या भागाला मोठा आधार आहे.

म्हणून त्या मंडळीला माझी विनंती अशी की बाजूला ठेवलेले अर्पण एमसीआर चपलांसाठी वापरण्याची परवानगी द्यावी. या चपलेचा आतला थर मऊ स्पंजासारख्या रबराचा असतो, खालचा तळ काटा न शिरेल इतका टणक, मागे पट्टा, आणि खिळा एकही नाही. काही रक्कम प्लास्टरसाठी लागेल. जंतू आटोक्यात आलेल्या जखमेवर गुडघ्याखालपर्यंत नीट बसवलेले प्लास्टर सगळा भार तळवाभर आणि पोटरीवर वाटून देते. ते घालण्याचे काम मात्र शिकलेल्या माणसाचेच. आणि थोडे पैसे खोबरेल तेल व पसरट टोपल्यांसाठी हवेत. रोज वीस मिनिटे पाय साध्या पाण्यात भिजवणे, घट्टा हलकेच घासणे, तेल लावणे आणि रात्री घरच्या कोणीतरी दिव्याजवळ तळवे पाहणे, एवढे आम्ही प्रत्येक घरी शिकवतो. नातवंडे हे काम फार आवडीने करतात.

पायांची मापे कागदावर पाऊल ठेवून पेन्सिलीने आखून घेतली आहेत. दोन्ही पायांचे माप पुष्कळांचे सारखे नाही, त्यामुळे चपला बाजारातून घेता येत नाहीत, सांगून करून घ्याव्या लागतात. दिवाळीच्या सुमारास कापसाची वेचणी सुरू होते. त्याआधी त्या पाड्यांवर पोहोचल्या पाहिजेत.