अणुगर्भापासून उडदाच्या दाण्यापर्यंत

भंडारा जिल्ह्यातील दिघोरीसारख्या धानाच्या मुलखात, जेथे बांधीत धान आणि धुऱ्यावर तूर हा रिवाज पूर्वापार चालत आला आहे, अणुविज्ञानाचा विषय निघताच ऐकणाऱ्याला हिरोशिमा किंवा फार तर तारापूरची वीज आठवावी, हे स्वाभाविक आहे. परंतु या शास्त्राचा विदर्भाच्या शेतीशी निकटचा संबंध जडला तो बियाण्याच्या वाटेने, आणि त्याची यथोचित दखल घेतली गेली नाही याची मला मनापासून खंत वाटते.

साध्या कोबाल्टच्या अणुगर्भाने अणुभट्टीत एक न्यूट्रॉन ग्रहण केला की कोबाल्ट-६० सिद्ध होते, आणि तेच पुढे निकेलमध्ये रूपांतर पावताना गॅमा किरण उत्सर्जित करते. या किरणांपुढे कोरडे बियाणे नियत काळ ठेवले असता आनुवंशिक द्रव्याची साखळी ठिकठिकाणी तुटते, पेशी ती सांधू पाहते, आणि सांधताना क्वचित फेर पडून जातो. क्ष-किरणांनी असे फेर घडवता येतात, हे मुलर या शास्त्रज्ञाने १९२७ साली फळमाशीवर सिद्ध केले होते. बियाणे मात्र किरणोत्सर्गी होत नाही; त्यातील अणुगर्भ पालटण्याइतकी ऊर्जा या किरणांत नसते, तेव्हा अशा वाणाची डाळ निःशंक मनाने रांधावी.

खरे कष्ट येथून पुढे. पहिल्या पिढीत बहुतेक फेर सुप्त राहतात. दुसऱ्या पिढीत हजारो रोपे लावून, ओळीओळीने हिंडून, एखाद्याचे खोड ठेंगणे आहे काय, शेंगा एकदम पिकतात काय, हे डोळ्यांनी पारखावे लागते. बहुसंख्य फेर निरुपयोगीच निघतात. तुर्भ्याचे भाभा अणु संशोधन केंद्र आणि अकोल्याचे पंजाबराव कृषी विद्यापीठ यांनी हे व्रत चिकाटीने चालविले, म्हणून १९८५ मध्ये टीएयू-१ हा उडदाचा वाण आणि १९९१ मध्ये टीएजी-२४ हा ठेंगणा भुईमूग शेतकऱ्याच्या हाती आला. यांपैकी उडीद तर एका उत्परिवर्तित, म्हणजे असा फेर पडलेल्या, वाणाचा टी-९ या रुळलेल्या वाणाशी संकर करून निपजला आहे.

उडीद व भुईमूग स्वपरागित असल्यामुळे खातेदाराला खळ्यावरचेच बियाणे पुढील पेरणीस राखता येते, भेसळीची रोपे मात्र वेळीच उपटली पाहिजेत. तुरीचे तसे नाही. मधमाश्या तिच्या फुलांवर परका पराग आणतात, म्हणून धुऱ्यावरच्या सुधारित तुरीचे बी शुद्ध राखायचे असेल, तर ती शेजारच्या वाणापासून दूर लावावी लागते.