उपवासाचे रताळे कडू लागले तर?

महाशिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी आमच्या नेहमीच्या एक आजी दवाखान्यात आल्या. मळमळत होते. म्हणाल्या, "डॉक्टर, रताळं जरा कडूच होतं. काळा भाग कापला, उकडलं आणि खाल्लं. उपवासाचं टाकायचं कसं?"

"आणि कापलेला भाग?"

"म्हशीला घातला."

आजींची मळमळ संध्याकाळी थांबली. ती रताळ्यामुळेच होती, असे मी छातीठोकपणे सांगणार नाही. मला काळजी वाटली ती म्हशीची.

हा कडवटपणा येतो कोठून? आपल्याला वाटते, बुरशीने विष सोडले. प्रत्यक्षात बुरशी लागली की रताळेच स्वतःच्या बचावासाठी काही द्रव्ये तयार करते. कीड पोखरते तेव्हाही असेच होते. त्यातले इपोमियामॅरोन हे कडू द्रव्य यकृताला अपायकारक असते. फ्युजेरियम जातीची बुरशी असेल तर रताळ्याने बनवलेल्या द्रव्यांचे ती आणखी रूपांतर करते व ४-इपोमियानॉल तयार होते. हे फुफ्फुसांवर घाला घालते. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात १९६९ साली अशी बुरशीची रताळी खाऊन अनेक गुरे धापा टाकत मेली.

प्राण्यांत फुफ्फुसाच्या पेशीच या द्रव्याचे विष बनवतात, हे पाहून पुढे ते फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या रुग्णांना औषध म्हणून देऊन पाहिले गेले. पण माणसात इजा झाली ती यकृताला! तो प्रयत्न सोडून द्यावा लागला.

म्हणून वाचकहो, एवढे लक्षात ठेवा. रताळी टणक व कोरडी पाहून घ्या. ओल्या जागी साठवू नका. डागालगतच्या चांगल्या दिसणाऱ्या भागातही विष असू शकते आणि उकडून वा भाजून ते पूर्णपणे जात नाही. कडू लागले तर घास थुंका आणि सबंध रताळे टाका. सडकी रताळी गुरांपुढे टाकू नका, पुरून टाका. गुराला धाप लागली तर पशुवैद्यकांना लगेच बोलवा. चांगले रताळे मात्र निर्धास्त खा. ते पौष्टिकच आहे.

आजींची म्हैस सुदैवाने ठणठणीत राहिली. आजींना मी एवढेच सांगितले, "कडू रताळं टाकलं म्हणून उपवास मोडत नाही."