गोळी तीच, रोग बदललेला

आमच्या पेढीवरील एका जुन्या सहकाऱ्यांस काही वर्षांपूर्वी रक्ताचा कर्करोग जडला. रोजच्या गोळीने त्यांस उतार पडला व ते पुन्हा गादीवर बसू लागले. पुढे 'आता प्रकृती ठणठणीत आहे, रोजचे औषध कशास?' असे म्हणून ते गोळी अधूनमधून चुकवू लागले. आम्हीही त्यांस हटकले नाही. यथावकाश रोग उलटला आणि त्याच गोळीस जुमानेना. असे का व्हावे, हे आम्ही डॉक्टरांकडून समजून घेतले. मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या माणसास जेवढे उमगले तेवढे बंधुभगिनींपुढे ठेवीत आहोत.

या रोगाचे नाव क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया. त्यात पेशीतील ९ व २२ क्रमांकांच्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होते आणि त्या सांध्यातून एक विपरीत प्रथिन उपजते. ते पेशीस वाढण्याचा अखंड हुकूम देत राहते. २००१ साली अमेरिकेत मान्यता पावलेले इमॅटिनिब हे औषध त्या प्रथिनाच्या खाचेत किल्लीसारखे बसून हुकूम थांबविते. परंतु असंख्य पेशींत एखादीच्या प्रथिनात ३१५ व्या स्थानावरील थ्रिओनिन जाऊन आयसोल्यूसिन येते. एवढ्याशा फरकाने किल्ली बसेनाशी होते! अवर्षणात तगलेल्या चार ताटांचेच बी पुढील साली शेत व्यापते, तसे येथे घडते. औषध पेशीस युक्ती शिकवीत नाही. निराळी निपजलेली पेशी तेवढी मागे उरते. गोळीत खंड पडला की अधिक पेशी जगतात, विभागतात, आणि अशा चुकीचा संभव वाढतो.

इतर कर्करोगांत आणखी वाटा आहेत. काही पेशींच्या आवरणात पी-ग्लायकोप्रोटीन नावाचा जणू पंपच असतो. आत शिरलेले औषध तो बाहेर फेकतो. काही पेशी बीसीएल-२ या प्रथिनाच्या बळावर मरणाची आज्ञाच मानीत नाहीत.

आमच्या बडोद्यात ज्या कंपनीचे संशोधन चालते, त्या सन फार्मा ॲडव्हान्स्ड रिसर्चने आधीच्या औषधांस दाद न देणाऱ्या याच ल्युकेमियासाठी व्होडोबॅटिनिब तयार करून रुग्णांवर चाचण्या घेतल्या, ही अभिमानाची गोष्ट होय. ३१५ च्या बदलापुढे मात्र त्याचेही फारसे चालत नाही. तेथे पोनॅटिनिब कामी येते.

आमच्या सहकाऱ्यांच्या रक्ताची पुन्हा तपासणी होऊन औषध बदलले गेले. आता गोळी घेतली की त्यांची नात चोपडीत त्या तारखेपुढे खूण करते, आणि खूण नसेल तर दुकानी फोन येतो.