जुने सामने, पूर्ण नव्वद मिनिटे (भाग ६) : सारियावर ब्राझील का हरला?

मागच्या भागात आपण १९८२च्या विश्वचषकाची पहिली साखळी पाहिली. पोलंड, पेरू, कॅमेरून या तिघांशीही बरोबरी करून इटलीचा संघ कसाबसा पुढे सरकला. ब्राझीलने तिन्ही सामने जिंकले, दहा गोल केले. आज या दोघांचा ५ जुलैचा सामना, बार्सिलोनाच्या सारिया मैदानावरचा.

या सामन्याची एक ठरलेली गोष्ट सांगितली जाते. ब्राझीलला बरोबरी पुरेशी होती, पण सुंदर खेळाच्या नादात ते हल्ले करत राहिले आणि बचावाला चिकटून बसलेल्या इटलीने त्यांना गाठले. क्षणचित्रांपुरती ही गोष्ट पटते. पूर्ण चित्रफीत पाहिल्यावर मला ती अजिबात पटत नाही.

आधी गणित. तीन संघांच्या या गटात दोघांनीही अर्जेंटिनाला हरवले होते, ब्राझीलने ३-१ आणि इटलीने २-१. त्यामुळे बरोबरी झाली असती तर गोलफरकावर ब्राझील उपांत्य फेरीत गेला असता. तेव्हाच्या प्रक्षेपणात गुणफलक आणि घड्याळ सतत पडद्यावर नसायचे, म्हणून हे गणित पाहणाऱ्यानेच डोक्यात ठेवायचे.

पाचव्या मिनिटाला इटलीच्या रॉसीने हेडरवर गोल केला, हे सर्वांना ठाऊक आहे. त्याआधीचे काही सेकंद पाहा. कॉन्ती चेंडू घेऊन आत घुसतो, डावीकडे काब्रिनीला देतो आणि काब्रिनीचा क्रॉस थेट रॉसीच्या डोक्यावर येतो. काब्रिनी हा बचावपटू. सामना सुरू होऊन पाच मिनिटे होत नाहीत तोच ज्या संघाचा बचावपटू इतका वर आलेला असतो, त्याला बचावाला चिकटलेला कसे म्हणायचे?

इटलीचा जेंटिले ब्राझीलच्या झिकोच्या पाठीशी सावलीसारखा असतो. त्याने झिकोचा शर्ट फाडला तो याच सामन्यात. तरी बाराव्या मिनिटाला झिको एका गिरकीत त्याला चकवतो आणि सॉक्रेटिसची वाट मोकळी करतो. १-१. मग पंचविसाव्या मिनिटाला सेरेझोचा स्वतःच्याच बचावफळीसमोरचा आडवा पास रॉसी हेरतो. २-१.

सेरेझोचे नाव त्या चुकीशी कायमचे जोडले गेले. पण अडुसष्टाव्या मिनिटाचा फाल्काओचा गोल पाहताना चेंडूवरची नजर काढा आणि सेरेझोकडे पाहा. तो फाल्काओच्या पलीकडून उजव्या बाजूने सुसाट धावतो आणि इटलीचे बचावपटू त्याच्या दिशेने ओढले जातात. मधे मोकळी जागा पडते आणि फाल्काओ डाव्या पायाने गोल करतो. सेरेझोचा चेंडूला स्पर्शही होत नाही. माझ्या मते हा अर्धा गोल त्याचा आहे, आणि क्षणचित्रांत दिसतो तो फक्त फाल्काओचा जल्लोष.

२-२ झाल्यावर लगेच प्रशिक्षक टेले सांतानांनी काय केले? सेर्जिन्यो या आघाडीपटूला बाहेर बोलावले आणि मध्यफळीतल्या पावलो इसिदोरोला आत पाठवले. हा बेभान हल्ल्याचा निर्णय नव्हे. चौऱ्याहत्तराव्या मिनिटाला इटलीला कॉर्नर मिळतो तेव्हा जवळजवळ सगळा ब्राझील संघ स्वतःच्या पेनल्टी बॉक्समध्ये उभा आहे. टार्डेलीचा फटका नीट बसत नाही, रॉसी वाटेतच त्याला दिशा देतो. गोलपोस्टजवळ थांबलेल्या ज्युनियरमुळे तो ऑफसाइडही ठरत नाही. ब्राझीलने सामना गमावला तो बचाव करताना.

पुढे आंतोन्योनीने इटलीचा चौथा गोल केला होता. तो ऑफसाइड म्हणून नाकारला गेला, पण चित्रफीत थांबवून पाहिली तर तो वैध दिसतो. अखेरच्या मिनिटांत ब्राझीलच्या ऑस्करचा हेडर इटलीचा चाळीस वर्षांचा गोलरक्षक झॉफने गोलरेषेवर दाबून धरला. ३-२.

पहिल्या चार सामन्यांत एकही गोल नसलेल्या रॉसीने पुढे पोलंडविरुद्ध दोन आणि अंतिम सामन्यात पश्चिम जर्मनीविरुद्ध एक गोल केला.

पुढच्या भागात तीन दिवसांनंतरचा सेव्हियातला पश्चिम जर्मनी-फ्रान्स उपांत्य सामना, पेनल्टी शूटआउटवर निकाल लागलेला विश्वचषकातला पहिला. उत्तरार्धात जर्मन गोलरक्षक शूमाखर फ्रान्सच्या बातिस्तोंवर आदळतो तेव्हा पंच कोणता निर्णय देतात, ते आधीच पाहून ठेवा.