मालवाहू सायकल: वेल्डिंगवाल्याकडे जाण्याआधी

जिन्याखाली गंजत पडलेली २८ इंची डबल दांडीची सायकल सामान वाहायला लावायची ठरली, की पहिला सल्ला ठरलेला: “जाड पट्टीचं कॅरिअर करून घे, काम झालं.” कॅरिअर मोडत नाही, हे खरं. पण ओझ्याचा भार मागच्या आसाच्या पलीकडे गेला, की पुढचं चाक हलकं होतं. चढाला हँडल पोकळ लागतं आणि उताराला थरथरायला लागतं. तांदळाचं २५ किलोचं पोतं सीटला चिकटवून बांधा, मग तेच वीतभर मागे सरकवून चालवून बघा. फरक लगेच कळेल.

तेव्हा कॅरिअर जाड करण्यापेक्षा चाक मागे नेणं उत्तम. रॉस इव्हान्स या अमेरिकन तरुणाने नव्वदच्या दशकात निकाराग्वात काम करताना हीच युक्ती पुढे आणली. फ्रेम न कापता मागे एक जोडचौकट नट-बोल्टने आवळायची आणि चाक साधारण दीड वीत मागे न्यायचं. ओझं आपोआप दोन चाकांच्या मध्ये येतं. दुसऱ्या चेनचा तुकडा जोडावा लागतो, एवढंच.

“लोखंडच आहे, कोणीही वेल्डिंग करून देईल” हा दुसरा गैरसमज, आणि तो जास्त धोक्याचा. आधी फ्रेमला चुंबक लावा. चिकटलं नाही तर बहुधा ॲल्युमिनियम. ते वेल्डिंगच्या उष्णतेने सांध्यापाशी कमजोर होतं, त्याच्या वाटेला जाऊ नका. चिकटलं तर सांध्याजवळचा रंग खरवडून बघा. जुन्या काळ्या सायकलीत बहुतेक वेळा पिवळी रेघ दिसते. तिथल्या नळ्या पितळेने झाळलेल्या असतात. त्यावरच आर्क वेल्डिंगचा रॉड टेकवला तर पितळ टाक्यात मिसळतं आणि सांध्याला तडा जातो. म्हणूनही बोल्टची जोडचौकट बरी. ती जीआय पाइपची करणार असाल तर वेल्डिंगच्या जागेवरचा जस्ताचा थर घासून काढायला सांगा. तो जळून निघणाऱ्या धुराने कारागिराला रात्री थंडी वाजून ताप भरतो.

पाइप जड घेतला म्हणजे मजबुती आली, असंही नाही. पत्र्याची जाडी तीच ठेवून एक इंचाऐवजी दीड इंच व्यासाची नळी घेतली तर वजन दीडपट होतं, पण वाकण्याला विरोध सव्वातीनपटींहून जास्त वाढतो. त्यावर एक तिरपी आडणी टाकली की बस.

ओझ्याने दम लागेल ही भीती सपाट रस्त्यापुरती अवाजवी आहे. ताशी १२ किलोमीटरने जाताना ५० किलो जादा ओझ्याला साधारण १५ वॅट लागतात. शंभर मीटरला पाच मीटरच्या चढावर मात्र वेग निम्मा करूनही चाळीसच्या वर. मागचं १८ दात्यांचं फ्रीव्हील काढून २२ दात्यांचं बसवा, पायावरचा जोर जवळजवळ पाचवा हिस्सा कमी होतो. चाकांची काळजी नको: या सायकलीच्या मागच्या चाकात ४० स्पोक असतात. गंजलेले बदला आणि आऊट काढून घ्या.

खरी अडचण थांबण्याची, आणि तिच्याबद्दल कोणी विचारतच नाही. एकूण वजन दुप्पट झालं की तितक्याच वेगात ब्रेकला दुप्पट ऊर्जा गिळावी लागते. काड्यांचे ब्रेक पोलादी रिमवर पावसात आधीच घसरतात. चाक मागे नेल्यावर तर मागच्या काड्या तिथवर पोचतच नाहीत. त्यामुळे मागे ड्रम किंवा डिस्क ब्रेकचा हब घालणं भाग आहे. पैसे मोजके असतील तर ते आधी इथे घाला, फळी आणि पेटी पुढच्या महिन्यात. आणि रस्त्यावर काढण्याआधी पूर्ण ओझं लादून एखाद्या मोकळ्या, हलक्या उतारावर दोन्ही ब्रेक दाबून बघा. सायकल जागेवर थांबत नसेल तर ओझं कमी करा.