विमानतळाची झाली छावणी!

दोस्तांनो, इंग्लंडच्या नकाशात पोर्ट्समथ शोधा. त्याच्या पूर्वेला आहे थॉर्नी आयलंड. नावाला बेट बरं का! 1870 च्या सुमारास मधल्या दलदलीला बांध घातले आणि ते जमिनीला जोडलं गेलं.

1938 मध्ये इथे ब्रिटिश हवाईदलाचा तळ सुरू झाला. 18 ऑगस्ट 1940 ला जर्मनीची ‘स्टुका’ विमानं सूर मारत आली नि तळावर बॉम्ब टाकून गेली. पण इथल्या जुन्या चर्चच्या आवारात जाऊन पाहा. युद्धात मेलेल्या ब्रिटिश वैमानिकांजवळच जर्मन वैमानिकांच्याही कबरी आहेत! शत्रूला आपल्या मातीत जागा द्यायची, सोपं का असतं ते?

1976 मध्ये हवाईदल गेलं. काही वर्षांनी त्याच रिकाम्या घरांत व्हिएतनाममधून होड्यांतून पळालेले निर्वासित राहिले, पोराबाळांसकट.

1984 पासून इथे भूदलाचा तोफखाना आहे. गंमत म्हणजे, जिथून विमानं उडायची तिथल्या जवानांचं काम आता विमानं पाडण्याचं!

किनाऱ्याची पायवाट मात्र सगळ्यांना खुली आहे. फाटकावरचं बटण दाबायचं, पहारेकऱ्याशी बोलायचं, की दार उघडतं.