जुन्या चुलीत नवी शेगडी

बुटीबोरीच्या आमच्या घरात वडिलांनी बांधलेली विटांची चूल आहे. तिच्यामागे भिंतीत थेट छपराबाहेर जाणारे चौकोनी धुराडे. घरात गॅस आला, पण चूल कुणी मोडली नाही. थंडीत अंघोळीचे पाणी आणि ईदचे मोठे पातेले तिच्यावरच. धूर मात्र वर्षानुवर्षे अम्मीच्या छातीत साठत गेला. डॉक्टर म्हणाले, ‘‘औषध मी देतो, धूर तुम्ही थांबवा.’’ म्हणून पेलेटवर चालणारी, पंखा आणि धूरनळी असलेली लोखंडी शेगडी आणून आम्ही त्या चुलीच्या पोटात बसवली. बसवताना एक चूक झाली. ती तुमच्या घरी होऊ नये, म्हणून आजचे हे बोलणे.

आधी पेलेट म्हणजे काय, ते पाहू. कापूस वेचून झाला की शेतात पऱ्हाटी उरते. हेक्टरी दोन-तीन टन. थोडी सरपणाला जाते, बरीचशी शेतातच पेटवून देतात. हीच पऱ्हाटी वाळवून, तिचा भुगा करून यंत्राच्या छिद्रांतून मोठ्या दाबाने काढली की ६ ते ८ मिलिमीटर जाडीच्या कांड्या तयार होतात. त्यात डिंक घालावा लागत नाही. लाकडातलेच लिग्निन उष्णतेने मऊ होते आणि भुगा धरून ठेवते. केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेच्या नागपूर केंद्रात यावर काम झाले आहे. एक किलो गॅसच्या उष्णतेसाठी सुमारे तीन किलो पेलेट लागतात, असा ढोबळ हिशेब धरावा.

धूर म्हणजे न जळलेले इंधन. पेलेटच्या शेगडीत पंखा खालून बेताची हवा देतो आणि वरच्या छिद्रांतून आणखी हवा सोडतो. निघालेला वायू तिथेच पेटतो. म्हणून धूर कमी.

आता आमची चूक. गवंड्याने शेगडीची चार इंची नळी जुन्या धुराड्यात फूटभर घातली आणि काम संपवले. दोन दिवस ठीक गेले. रमजानचे दिवस होते. तिसऱ्या पहाटे सहेरीच्या वेळी स्वयंपाकघर धुराने भरले आणि अम्मी अंगणात धापा टाकत बसलेली दिसली. तो दिवस दवाखान्यात गेला.

झाले होते असे : ते रुंद धुराडे लाकडाच्या मोठ्या जाळासाठी बांधलेले. शेगडीचा धूर थोडा आणि कमी गरम. थंड विटांच्या त्या पोकळीत तो आणखी निवतो, वर चढण्याची ताकद गमावतो आणि शेगडीभोवतीच्या फटींतून खोलीत उतरतो. धुराबरोबर कार्बन मोनॉक्साइडही येतो. त्याला रंग नाही, वास नाही, पण तो जीव घेऊ शकतो.

दुसऱ्यांदा काम नीट केले. आधी धुराड्यातली काजळी काढली. मग स्टीलची नळी शेगडीपासून आढ्याच्या वर दोन फुटांपर्यंत अखंड नेली. वाटेत बाक कमीत कमी ठेवले, कारण प्रत्येक बाक धुराला अडवतो. खाली राख-काजळी काढायला झाकणाचे तोंड ठेवले, वर पावसासाठी टोपी. चुलीच्या तोंडाला पत्रा लावून फटी भट्टीच्या मातीने लिंपल्या. खोलीत बाहेरची हवा येईल अशी खिडकी उघडी ठेवली. वीज गेली की पंखा थांबतो आणि धूर सुरू होतो, म्हणून बॅटरीची सोय केली.

धुराला वाट करून देण्याचा विचार आपल्याकडे नवा नाही. इथून जवळच वर्ध्याच्या मगनवाडीत १९४७ साली ‘मगन चूल’ तयार झाली. पुढे सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम १९८० च्या दशकात सुरू झाला आणि २००२ मध्ये थांबला. त्यातल्या कितीतरी चुली काजळीने नळ्या बुजल्यामुळे निकामी झाल्या. चूल वाटली गेली, नळी साफ करायचे मात्र राहून गेले.

दुसरा धडा इंधनाचा. २००६ च्या सुमारास ‘ऊर्जा’ नावाची पेलेटची शेगडी महाराष्ट्रात आणि दक्षिणेत आली, लाखो घरांत पोचली. पुढे पेलेटचे भाव चढले आणि अनेक घरांत ती अडगळीत पडली. म्हणून शेगडी घेण्याआधी विचारा, पेलेट कुठून येणार, पावसाळ्यात मिळणार का? आणि मिळाले तर कोरड्या जागी ठेवा. ओल लागली की कांडीचा पुन्हा भुगा होतो.

अम्मीचा खोकला पूर्ण गेलेला नाही. चाळीस वर्षांचा धूर एका शेगडीने निघत नाही. पण आता पहाटे ती चुलीजवळ बसते, डोळे पुसत नाही. तेव्हा मंडळी, नवी शेगडी जरूर आणा. फक्त दुकानात जाण्याआधी एकदा छपरावर चढा आणि धुराड्यात डोकावून पाहा.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)